रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि लेसरचा प्रकाश

उतारवयात छातीपाठीवर बारीक तांबडे तीळ उगवतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे पुंजके असून त्यांना सहसा उपचार लागत नाही. उन्हात आयुष्य गेलेल्या माणसाच्या खालच्या ओठावर कधी मऊ, जांभळा फुगवटा दिसतो. दाबला की तो रिकामा होतो, सोडला की भरतो. ही फुगलेली शीर बहुधा निरुपद्रवी असते. कानाभोवती खाजणाऱ्या, सहज रक्त येणाऱ्या लालसर गाठी मात्र विरळा. ‘अँजिओलिम्फॉइड हायपरप्लेशिया’ हा त्यांतील एक प्रकार. कापून काढल्या तरी त्या पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून काही रुग्णांना लेसर सुचविला जातो.

रक्तातील हिमोग्लोबिन पिवळा प्रकाश शोषून घेते. ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा झोत क्षणभर सोडला की मुख्यतः रक्तवाहिनी तापते आणि मिटते. अँडरसन व पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडले. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही हाच प्रकाश शोषते, त्यामुळे पांढरे वा काळे डाग राहण्याचा धोका असतो. १०६४ नॅनोमीटरचा झोत मेलॅनिनमध्ये कमी अडतो व खोल जातो. ओठावरच्या फुगवट्यासाठी तो वापरतात.

वृद्धांच्या टाळूवर वा कपाळावर, काहीही न लागता, काळानिळा चट्टा उमटून पसरू लागला तर मात्र लेसरचे नावही काढू नये. तो अँजिओसार्कोमा हा दुर्मीळ, आक्रमक कर्करोग असू शकतो. मुका मार समजून त्याकडे दुर्लक्ष होते. आजीच्या केसांना तेल लावणाऱ्या सुनेला वा नातीला तो डॉक्टरांच्या आधी दिसतो. त्वचेचा तुकडा तपासल्याविना अशा चट्ट्यावर प्रकाश टाकणे म्हणजे निदान लांबविणे होय. ब्यूटी पार्लरमधील लेसर तर येथे सर्वथा वर्ज्य.

ओरोसला जिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बांबोळी वा कोल्हापूरची वाट धरण्यापूर्वी तेथे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. पिवळ्या लेसरनंतर जागा आठवडा-दोन आठवडे जांभळी दिसते. त्या काळात ऊन टाळावे, खपली ओढू नये. गाठीशेजारी नाणे ठेवून तारखेसह छायाचित्र काढून ठेवले, तर ती वाढते आहे की नाही हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखविता येते.