प्याद्याला कोणता हुद्दा द्यायचा?

मोबाइलवर चार-पाच मित्र मिळून राज्य-राज्य खेळणारी मुले आता घरोघरी दिसतात. कोणी राजा, कोणी सेनापती, कोणी साधा शिपाई. मधूनच खेळ तयार करणारी कंपनी नियम बदलते. कालचा सेनापती आज दुय्यम ठरतो, राजाचे हक्क कमी होतात आणि आपले चिरंजीव ताटावर फुरंगटून बसतात. आजी विचारते, "एनायतु?" आणि उत्तर मिळते, "आजी, माझ्या सेनापतीला खाली आणलं!" आपण हसतो. पण हसण्याआधी कपाटावर धूळ खात पडलेला बुद्धिबळाचा पट जरा खाली काढावा. मराठीत बुद्धिबळ आणि कन्नडमध्ये चदुरंग म्हणवणाऱ्या या खेळाने असे हुद्द्यांचे फेरफार हजार-दीड हजार वर्षे पाहिले आहेत.

चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे: हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त या खेळाचा उल्लेख केला आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात त्याचे वर्णन केले. हे कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही याच ग्रंथात आहे. कन्नड मुलुखातल्या राजाने संस्कृतात मराठी ओवीची दखल घ्यावी, ही आपल्यासारख्या दुभाषी घरांना आपलीच वाटावी अशी गोष्ट.

मुलांना सांगण्यासारखी गंमत अशी की, चार जणांनी मिळून खेळायचा चतुरंगही आपल्याकडे होता. सुमारे 1030 साली अल्बेरुनीने त्याची माहिती लिहून ठेवली. पटाभोवती चौघे बसत, प्रत्येकाचे सैन्य वेगळे, आणि फासे टाकून कोणी हलायचे ते ठरे. त्यात प्रत्येक सोंगटीला किंमत होती: राजा पाच, हत्ती चार, घोडा तीन, रुख दोन आणि प्यादे एक. म्हणजे या डावात राजाही मारला जाई आणि त्याची किंमत पाच प्याद्यांएवढीच! दोघांच्या डावात मात्र राजा मारला जात नाही. तो अडकला की डावच संपतो. चौघांत राजा हा एक मोठा सरदार, तर दोघांत तोच सगळे राज्य.

चौघांच्या डावातील दोन-दोन सैन्ये एकत्र आली, तेव्हा जोडीतल्या एका राजाचा मुकुट उतरवून त्याला मंत्री केले, असे एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय अभ्यासक मांडत. गोष्ट मोठी चटकदार आहे. आघाडीच्या राजकारणात हे आपण पाहतोच! पण 1913 साली एच. जे. आर. मरे यांनी बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहिला, त्यात हे मत खोडून काढले. दोघांच्या डावाचे पुरावे अधिक जुने आहेत.

मंत्र्याची खरी बढती झाली ती दूर युरोपात. हा खेळ इराणात आणि पुढे अरबांकडे गेला. शह, मात, प्यादे, वजीर हे आपले शब्द फारसी-अरबीतून आले. त्या काळचा वजीर फार दुबळा होता. तिरके एकच घर चालायचे, बस्स. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली. दहाव्या शतकाच्या अखेरच्या एका लॅटिन कवितेत ती आढळते. मात्र नाव मिळाले तरी सत्ता मिळाली नव्हती. पुढची पाचशे वर्षे ती एकेक घरच सरकत राहिली. 1475 च्या सुमारास स्पेन आणि इटलीत नियम बदलले आणि राणी आडवी, उभी, तिरकी, हवी तितकी धावू लागली. त्या वेळी स्पेनमध्ये कास्तिल राज्याच्या गादीवर इझाबेला राणी होती. या दोन गोष्टींचा संबंध काही अभ्यासक जोडतात, काहींना तो पटत नाही. त्याच फेरफारात आपला उंटही लांब पल्ल्याचा झाला. आपण मात्र नवी चाल घेतली आणि नाव वजीरच ठेवले. हुद्दा इथला, अधिकार तिथले.

आपल्याकडच्या देशी डावातले नियम मात्र बराच काळ वेगळे राहिले. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जायचे. किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक प्याद्याच्या बढतीचा. आज शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट, घोडा, हवे ते करता येते. देशी डावात ते ज्याच्या घरात पोचेल, तोच हुद्दा त्याला मिळे. घोड्याच्या घरात गेले तर घोडा, हत्तीच्या घरात गेले तर हत्ती. गावोगावी यात थोडेफार फरक होते.

आजोबा आणि नातू पट मांडून बसले की भांडण हमखास इथेच होते. आजोबांच्या नियमात खोली आहे. प्यादे कोणत्या वाटेने न्यायचे याचा विचार पहिल्यापासून करावा लागतो. पण पट सोडून घराकडे पाहिले तर मला नातवाची बाजू पटते. वडिलांचे दुकान आहे म्हणून दुकान, मामा डॉक्टर आहे म्हणून डॉक्टरी, मुलगी आहे म्हणून 'एवढे शिक्षण पुरे' असा, उभ्या राहिलेल्या घरावरून हुद्दा ठरवण्याचा देशी नियम आपण मुलांना अजून लावतोच. जो एकेक घर चालत शेवटपर्यंत पोचला, त्याला निवडीचा हक्क नको का?

पंजाबच्या मीर सुलतान खानने देशी डाव खेळतच बुद्धी कमावली. युरोपीय नियम तो नंतर शिकला आणि 1929, 1932 व 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता ठरला. त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला 2024 साली, मृत्यूनंतर 58 वर्षांनी. 1976 मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्याला हरकत घेतली गेली. 2025 मध्ये नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. पटावरच्या राणीला धावायला पाचशे वर्षे लागली. पटाबाहेर निदान तेवढी लागली नाहीत.

येत्या सुट्टीत एक करा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या गावचे देशी नियम विचारून घ्या आणि मराठीत किंवा कन्नडमध्ये, जमेल तसे वहीत उतरवा. हे नियम बहुतेक तोंडीच चालत आले आहेत. खेळणारी पिढी गेली की तेही जातील. एक डाव आजोबांच्या नियमाने खेळा, एक नातवाच्या. फक्त पट आवरून ठेवल्यावर, मुलांच्या बाबतीत कोणता नियम लावायचा, ते घरातल्या मोठ्यांनी एकदा नीट ठरवावे.