हौसेला मोल नाही म्हणे!



परवा नातवाने फोनवर विचारलं, "आबा, तुम्ही खरंच ग्लायडरमध्ये बसला होतात?" बसलो होतो बाबा! २००९ च्या मार्चमध्ये, निवृत्तीनंतर वर्षभराने, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर. पण त्याला ती गंमत सांगता सांगता एक जुनी बोच वर आली. ती आज इथे लिहून टाकतो.

१९८७ सालची गोष्ट. आमची शाळा त्या मैदानापासून फार लांब नव्हती. दुपारच्या भूगोलाच्या तासाला खिडकीतून ग्लायडर घिरट्या घालताना दिसायचं. दहावीतल्या एका मुलाचं लक्ष सदैव तिकडेच. एकदा त्याला उभं केलं, तर म्हणाला, "सर, मी तिथे शिकायला जाणार." घरी भाजीचा मळा, मार्क बेताचे. मी सगळ्या वर्गादेखत म्हणालो, "आधी जमिनीवरचं शीक. हे रिकामटेकड्यांचे उद्योग नंतर!" वर्ग हसला. त्यानंतर तो मुलगा खिडकीकडे बघेनासा झाला, आणि मला वाटलं आपण शिस्त लावली.

त्या तासाला मी शिकवत काय होतो? आरोह पर्जन्य! जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते वगैरे. आणि त्याच चढत्या हवेवर खिडकीबाहेर ग्लायडर तरंगत होतं. धडा डोळ्यांसमोर होता. तो बघणाऱ्या एकुलत्या एका विद्यार्थ्याला मी खाली बसवलं.

हे मला कळलं ते बावीस वर्षांनी. ग्लायडरला इंजिन नसतं. दूरवर उभं असलेलं विंच नावाचं यंत्र लांबलचक दोर भराभर गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. हजारेक फुटांवर खट्‌ आवाज झाला, दोर सुटला, आणि मग नुसता वारा! पुढे एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. प्रशिक्षक म्हणाले, "ती दाखवतेय बघा, हवा कुठे वर चढतेय ते." आम्ही तिकडे वळलो. खालून कुणीतरी हलकेच उचलल्यासारखं झालं, काटा वर सरकला. तीस वर्षं फळ्यावर काढलेले बाण त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला जाणवले.

खाली उतरलो. सौ. म्हणाल्या, "झाली हौस?" आपल्याकडे हौसेला मोल नाही असं म्हणतात खरं, पण घरोघरी हा शब्द उच्चारतात मात्र एखाद्या खोडीसारखा! जे.आर.डी. टाटांनी १९२९ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवला तोही हौसेनेच. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. १९३२ मध्ये त्यांनीच कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूला उतरवलं, आणि आपल्या नागरी विमानसेवेची सुरुवात झाली. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला तेव्हा त्यांचं वय होतं ७८!

"त्यांचं ठीक आहे हो, ते टाटा," असं कुणी म्हणेल. अगदी बरोबर. इंजिनाच्या विमानाचं शिक्षण आजही लाखांच्या घरात जातं. म्हणूनच मला ग्लायडरचं मोल जास्त वाटतं. त्याला स्वतःला इंधन लागत नाही, आणि एकट्याने ते उडतही नाही. कुणी पंखाचं टोक धरून धावतं, कुणी दोर परत आणतं, कुणी वेळ टिपून ठेवतं. उतरताना अंदाज चुकला तर इंजिन लावून पुन्हा वर जायची सोय नसते, त्यामुळे विचार आधीच करावा लागतो. सांघिक काम आणि जबाबदारी यावर मी कितीतरी निबंध लिहून घेतले असतील, पण असा धडा काही देऊ शकलो नाही.

शहरात एवढी मोकळी जमीन नुसत्या हौसेसाठी कशाला, असं विचारणारे भेटतात. मी उलट विचारतो. बारामती, धुळ्यासारख्या गावांतही धावपट्ट्या आहेत. त्या काय फक्त पुढाऱ्यांच्या आणि पैसेवाल्यांच्या उपयोगाच्या? वर्षातून एक दिवस तिथे आसपासच्या शाळांतल्या मुलांना नेलं, उडणं जमलं नाही तरी पंखाला हात लावू दिला, वारा कसा बघायचा ते सांगितलं, तर काय बिघडेल? सगळी वैमानिक होणार नाहीत. पण खिडकीबाहेर बघणं हा गुन्हा नाही, एवढं तरी त्यांना कळेल.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. पुढे तो तिकडे गेला की नाही, ठाऊक नाही. भेटला तर त्याची माफी मागायची आहे.

असो. नातवाला मी काय सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. सुनबाई, रागावू नका!