संशय कसला?

गेल्या आठवड्यात भाची फ्रेंचची वही घेऊन आली. रडकुंडीला आली होती. "मामा, हा भूतकाळी सब्जोंक्तिफ म्हणजे 'संशयार्थ' ना? मग इथं संशय कुठं आहे?" वाक्य होते : 'ज स्वी काँताँ क तू स्वा व्हन्यू' – तू आलास याचा मला आनंद आहे. पाहुणा समोर बसून चकली खातो आहे, आणि म्हणे संशय!

माझे भांडण आहे ते या नावाशी. रूप बिचारे गरीब आहे. 'आव्ह्वार' किंवा 'एत्र्' या साहाय्यक क्रियापदाचे वर्तमानकाळी सब्जोंक्तिफ घ्यावे (इथले 'स्वा' एत्र्चे), पुढे भूतकाळवाचक धातुसाधित ठेवावे, संपले. पुरी झालेली क्रिया बोलणारा आपल्या आनंदाच्या, खेदाच्या, भीतीच्या, प्रसंगी संशयाच्याही छायेत सांगतो. उलट 'तो आला असावा, असे मला वाटते' यात चांगला संशय आहे. तिथे फ्रेंच माणूस सरळ 'ए व्हन्यू' हे साधे रूप वापरतो! 'वाटत नाही' म्हटले, की मात्र 'स्वा व्हन्यू'. मग ते नाव कुणाच्या उपयोगाचे?

हे रूप मेले आहे, असे सांगणारे पंडितही भेटतात. बोलण्यातून गेला तो याचा भाऊ, अपूर्ण भूतकाळी सब्जोंक्तिफ. १९७६ साली फ्रेंच शिक्षणखात्याने परीक्षेतसुद्धा त्याच्या जागी वर्तमानकाळी रूप चालवून घेतले. आमचे रूप रोज बाजारहाट करते आहे.

भाचीने 'संशयार्थ' खोडले. वर काय लिहू, म्हणून पेन उचलून बसली आहे. मी अजून नाव शोधतो आहे.