गतीचे स्तोत्रपाठक

समकालीन पोलिश गद्यातील प्रवासलेखनावर एका विद्वान गृहस्थांनी नुकताच जो सिद्धान्त मांडला, त्याचा मथितार्थ असा, की पोलंडच्या नव्या लेखकांनी घर, कुळ आणि मुलूख ही बंधने झुगारून भ्रमण हाच धर्म स्वीकारला असून ओल्गा तोकार्चुक यांची 'बिएगुनी' (2007) ही कादंबरी त्या धर्माची गीता होय. सिद्धान्त सुटसुटीत आहे. दोन विमानांच्या मधल्या फावल्या वेळात सुचला असावा.

ज्या रशियन पंथावरून कादंबरीला नाव मिळाले, तो जारशाहीची शिरगणती, परवाने आणि सैन्यभरती यांपासून पळत होता. त्याला हौशी पर्यटकांच्या यादीत बसवणे धाडसाचे आहे. तोकार्चुक यांच्या नोबेलच्या मानपत्रात सीमोल्लंघनाचा गौरव आहे म्हणावे, तर मानपत्र हे काही प्रमाणशास्त्र नव्हे.

परंतु माझा खरा आक्षेप निराळा आहे. या गृहस्थांनी कादंबरीतील विमानतळ तेवढे वाचले आणि निश्चल देहांनी भरलेली पानेच्या पाने बिनदिक्कत उलटली. बालपणीच आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेला गेलेला, पुढे व्हिएन्नाच्या सरदारमंडळात विद्वत्तेने मान्यता पावलेला आंगेलो सोलिमान 1796 मध्ये वारला, तेव्हा त्याची कातडी सोलून, तीत भर घालून, पिसे आणि शिंपले लेववून तो पुतळा बादशाही संग्रहालयात मांडण्यात आला. आणि त्याची कन्या योसेफिना पित्याच्या देहाला मूठभर माती मिळावी म्हणून सम्राटाला अर्जामागून अर्ज करते, ती पत्रे तोकार्चुक यांनी याच ग्रंथात रचली आहेत. ज्याने खंड ओलांडला, दरबार पाहिले, अनेक भाषा आत्मसात केल्या, त्याच्या गतीची परिणती काचेआडच्या खुंटीत व्हावी, हे ज्या ग्रंथात लिहिले आहे, त्याला गतीचे स्तोत्र म्हणण्यासाठी वाचकाजवळ अलौकिक एकाग्रता हवी. शोपँचे हृदय पॅरिसहून वॉर्साला नेणारी त्याची बहीणही याच पुस्तकात आहे. तिला तर घरीच जायचे होते.

आपल्याकडेही प्रवासवर्णनाला ललित वाङ्मयाच्या पंगतीत पाट मांडावा की नाही, यावर सभामंडप दणाणले होते. प्रवाशाने काय पाहिले याची चर्चा तेव्हा भरपूर झाली. परवाना कोणाच्या दप्तरातून निघाला हे मात्र कोणी विचारले नाही.

पोलिश लेखक नेमके तेच विचारतो, एवढेच माझे मंडन. 1945 मध्ये त्याचा अवघा देशच नकाशावर पश्चिमेकडे सरकवला गेला. साम्यवादी अमलात पासपोर्ट सरकारच्या कुलपात राही. 1956 मध्ये हिंदुस्थानात आलेले वार्ताहर रिशार्द कापुश्चिन्स्की यांची मूळ आकांक्षा फक्त सरहद्द ओलांडून पाहण्याची होती. आंद्जेई स्तासिउक पॅरिसकडे पाठ फिरवून रुमानियातील बाबादागकडे निघतात; आणि ते राहतात त्या बेस्किदच्या डोंगरांतून लेमको लोकांना 1947 मध्ये सरकारी हुकुमाने उठवण्यात आले होते. त्या लोकांना गतीचे तत्त्वज्ञान कोणी विचारले नव्हते.