दंडुका कोणाच्या पाठीवर?

गणपतीची आरती आटोपून खिरापत वाटली जात असताना, लग्नाच्या पंगतीत किंवा सकाळच्या फिरण्याच्या टोळक्यात आपल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते. "या देशाला लोकशाही मानवत नाही. येथे दंडुकाच हवा." लगेच कोणी तरी सिंगापूरचे स्वच्छ रस्ते काढतो (मुलगा तेथे नोकरीस असतो), दुसरा चीनच्या आगगाड्यांचा वेग सांगतो आणि एखादे आजोबा उसासा टाकून म्हणतात, "महाराजांच्या वेळी असे नव्हते हो!" तिन्ही विधानांवर माना डोलतात.

आम्हाला या डोलणाऱ्या मानांची काळजी वाटते. जे संख्येने जास्त आहेत त्यांनी दंडुका मागावा हे एक वेळ समजू शकते. तो आपल्याच हाती येईल अशी त्यांना आशा असते. पण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहून शिरगणतीत नेहमीच कमी भरणारे आपण तो कोणत्या हिशेबाने मागतो? दंडुका आला तर तो कोणाच्या पाठीवर पडेल, याचा विचार या मंडळींनी केला आहे काय?

महाराजांपासूनच सुरुवात करू, कारण तो विषय आपल्या देव्हाऱ्याजवळचा आहे. आजोबांना आमचा नम्र प्रश्न असा की, कोणते महाराज? सयाजीरावांबद्दल आमच्या मनात असलेला आदर कोणाहूनही कमी नाही. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू करणारा राजा इंग्रजी मुलखालाही लाजवणारा होता. परंतु सयाजीराव ज्या गादीवर बसले त्याच गादीवर १८७० ते १८७५ मल्हारराव होते. थोरल्या भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून कैदेत पडलेला हा माणूस, भाऊ वारताच कैदेतून थेट गादीवर आला. रयतेने ती पाच वर्षे सोसली. त्यांना हटवले ते रयतेने नव्हे, इंग्रज सरकारने. आणि त्यांच्या जागी नाशिककडच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा जो मुलगा निवडून आणला तो सयाजीराव निघाला, हे आपले नशीब! सोडतीत एकदा मोठे बक्षीस लागले म्हणून सोडतीलाच राज्यपद्धती म्हणण्याचा हा प्रकार आहे. इंदूरच्या जुन्या घरांनाही १९२६ साली तुकोजीराव तिसरे यांना बावला खून प्रकरणापायी गादी का सोडावी लागली हे ठाऊक आहे. तेथेही निर्णय रयतेचा नव्हता.

आता सिंगापूर. ली क्वान यू १९५९ ते १९९० पंतप्रधान होते. त्यांनी बंदर उभे केले, घरे बांधली, लाचलुचपत मोडली. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. चार राजभाषांत तामीळला स्थान आहे, याचेही कौतुक करावे. पण तेथील चिनी घरांत आजी नातवंडांशी मँडरिन बोलत नसे. ती होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज अशा आपल्या बोलीत बोले. १९७९ साली सरकारने 'मँडरिन बोला' ही मोहीम काढली आणि पुढील काही वर्षांत या बोलींतील कार्यक्रम आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून जवळजवळ नाहीसे केले. आजी घरात होती, पण तिला समजेल असे यंत्रातून काही येईनासे झाले. ही भाषा परक्यांची नव्हती, राज्य करणाऱ्यांच्याच आज्यांची होती! स्वच्छ रस्त्यांचे फोटो पाठवणाऱ्या चिरंजीवांनी हेही एकदा आईला कळवावे.

चीनबद्दल फार लिहीत नाही. तेथील राज्यघटनेच्या चौथ्या कलमात प्रत्येक जमातीला आपली भाषा वापरण्याचे व वाढवण्याचे स्वातंत्र्य आहे. २०२० च्या शरद ऋतूत अंतर्गत मंगोलियातील मंगोल शाळांत काही विषयांची पुस्तके मँडरिनमध्ये करण्याचा हुकूम निघाला. पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली, रस्त्यावर उतरले. हुकूम कायम राहिला. कागद उत्तम होता, पण तो घेऊन जायचे कोणाकडे?

यावर आमचे मित्र म्हणतील, लोकशाही देशांत तरी काय वेगळे आहे? प्रश्न रास्त आहे. फ्रँकोच्या अमदानीत, १९३९ पासून १९७५ पर्यंत, कॅटलान भाषा शाळा-कचेऱ्यांतून हाकलली गेली. १९७८ च्या लोकशाही घटनेने ती सन्मानाने परत आणली. पण त्याच घटनेने राष्ट्राची एकता अभेद्य ठरवली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅटलान सरकारने सार्वमत घेतले तेव्हा पोलीस मतदान केंद्रांत घुसले आणि २०१९ साली पुढाऱ्यांना नऊ ते तेरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्यांना २०२१ साली माफी मिळाली. फ्रँकोच्या काळात ती मिळाली नसती, एवढा फरक मात्र खरा. तेव्हा 'लोकशाही' ही पाटी दारावर लावल्याने काम भागत नाही. राजवटी तोलायच्या तर आम्ही एकच माप लावतो. थोड्या लोकांना आपले गाऱ्हाणे मतांनी मांडता येते काय, आणि हरल्यावर पुन्हा मांडता येते काय?

या मापाला उतरणारे उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. त्या देशाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तेथील पुरुषांनी बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली दिला, म्हणजे आपल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने; आणि २००९ साली याच मतपेटीतून मशिदींच्या मिनारांवर बंदी आली. तरीही ज्युराची हकिकत आपण प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

१८१५ साली व्हिएन्नाच्या तहात युरोपातील बड्या सत्तांनी ज्युरा हा बहुतांशी फ्रेंच बोलणारा डोंगराळ मुलूख जर्मन बोलणाऱ्या बर्न प्रांताला जोडून टाकला. विचारले कोणालाच नाही. १९४७ साली ज्युराच्या एका मंत्र्याला बर्नच्या विधिमंडळाने बांधकाम खाते नाकारले. कारण काय, तर तो फ्रेंच बोलणारा! (असले कारण ऐकून बेळगावकर वाचकांना हसू येईल की रडू, सांगता येत नाही.) तेथून चळवळ पेटली. साठच्या दशकात आगी लागल्या, स्फोट झाले. सारे काही सभ्यपणे घडले असे समजू नये. पण बर्नने लष्कर न बोलावता आपली घटना दुरुस्त केली आणि विचारण्याची रीत ठरवली. आधी साऱ्या ज्युराला विचारायचे, मग वेगळा कौल देणाऱ्या तालुक्यांना, मग सीमेवरच्या एकेका गावाला.

२३ जून १९७४ रोजी वेगळ्या प्रांताच्या बाजूने ३६,८०२ आणि विरुद्ध ३४,०५७ मते पडली. दक्षिणेचे तीन तालुके फ्रेंच बोलणारेच, पण धर्माने प्रॉटेस्टंट. त्यांनी पुढच्या वर्षी बर्नमध्येच राहणे पसंत केले आणि त्यांना राहू दिले. १९७८ साली सबंध देशाने मत दिले. ८२ टक्के लोकांनी होकार दिला, एकाही प्रांतात बहुमत विरुद्ध गेले नाही आणि १ जानेवारी १९७९ रोजी नवा प्रांत झाला. लाउफेन हा जर्मन बोलणारा तालुका मध्येच तुटून राहिला होता. तोही मतदान करून १९९४ साली शेजारच्या बाझेल-लांडशाफ्ट प्रांतात गेला.

आणि मूटिए! वस्ती सुमारे साडेसात हजार, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे खेडे. १९९८ च्या कौलात बर्न सोडू पाहणारे ४१ मतांनी हरले. २०१७ साली १३७ मतांनी जिंकले, तर मतदानातील गैरप्रकारांवरून ते मतदानच रद्द झाले. मार्च २०२१ मध्ये पुन्हा मतदान झाले, २,११४ विरुद्ध १,७४०. १ जानेवारी २०२६ रोजी ते गाव ज्युरात गेले. एवढ्याशा गावासाठी दोन प्रांतांनी करार केला आणि दोन्हीकडच्या मतदारांनी तो मंजूर केला.

आपल्याकडे असे विचारले गेले ते गोव्याला. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या विरुद्ध ३४,०२१ मते जास्त पडली. आपल्यातील पुष्कळांच्या तो निकाल जिव्हारी लागला. काही घरांत तो अजून सलतो. पण लोकांना विचारून लागलेला निकाल होता. कौल निर्मळ व्हावा म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला, आणि विलीनीकरण हरलेल्या त्यांच्याच पक्षाला गोमंतकीयांनी काही आठवड्यांत पुन्हा सत्तेवर बसवले. बेळगावला मात्र कोणी विचारले नाही. १९५६ साली रेघ ओढली गेली, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ साली दाखल झाला. वीस वर्षे उलटून गेली तरी निकाल नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते, गावाचे मागवण्याची सोयच नाही. भांडायचे असेल तर या उणिवेवर भांडावे. दंडुका आणून ती कशी भरून निघणार?

जे आहे ते तरी आपण वापरतो काय? घटनेचे कलम ३५०क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. कलम ३५०ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्यांसाठी एक खास अधिकारी नेमला जातो आणि त्याचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो. मंगोल पालकांना असे दार ठोठावायला मिळाले नाही. आपल्या शहरांतील मराठी वर्ग एकामागून एक बंद होत होते तेव्हा या अधिकाऱ्याकडे आपल्यापैकी किती जणांनी साधे पोस्टकार्ड टाकले? त्या सकाळी आपण नातवंडांच्या प्रवेशासाठी इंग्रजी शाळेच्या फाटकाशी रांगेत उभे होतो, आणि रांग पुढे सरकत नाही म्हणून म्हणत होतो की या देशाला दंडुकाच हवा.