बिघाडाचा नाद

एका रविवारी आमच्या पुतण्याने दिवाणखान्यात विजेची गिटार छेडली आणि आम्ही आतल्या खोलीतून ओरडलो, "अरे, स्पीकर फाटला आहे, आधी दुरुस्त करून आण!" तो म्हणाला, "काका, तो असाच वाजायला हवा." फाटका आवाज कोणी मुद्दाम काढीत असेल हे आम्हांस पटेना. तेव्हा त्याने आम्हांस समोर बसवून काही जुनी ध्वनिमुद्रणे ऐकविली.

रॉक संगीतात 'रिफ' म्हणून एक प्रकार असतो. बंदिशीच्या मुखड्याशी त्याचे नाते लावता येईल. चारदोन स्वरांची आटोपशीर ओळ, आणि गाणे फिरून फिरून तिच्यावरच येते. परंतु तिचे निम्मे बळ स्वरांत नसून नादाच्या पोतात असते. पेटीवर वाजविली तर ती ओळखू येते. अंगावर येत नाही.

हा पोत चक्क बिघाडातून जन्मला. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या १९६१ साली गाजलेल्या गाण्याचे मुद्रण चालले असता यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार भुंग्यासारखी घोंगावू लागली. ते मुद्रण तसेच ठेवण्यात आले. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने पुढे तोच बिघाड पायाने दाबावयाच्या एका डबीत आणून बसविला. १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने ती डबी बाजारात आली. लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तर पात्याने आपल्या स्पीकरचा कागदी पडदाच चिरला, आणि १९६४ साली किंक्सचे 'यू रिअली गॉट मी' त्यावर वाजविले.

आम्हांस सर्वांत भावली ती कीथ रिचर्ड्सची १९६५ सालची 'सॅटिस्फॅक्शन'ची ओळ. इनमीन तीन स्वर. चढतात, थबकतात, उतरतात. ती त्या डबीतूनच वाजविलेली आहे. ही जागा पुढे पितळी वाद्यांनी भरावी, गिटार केवळ खुणेपुरती, असा त्याचा बेत होता. तबकडी निघाली ती त्या खुणेसकट! डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'विषयी मात्र आम्ही लिहीत नाही. घरात ती दिवसातून वीस वेळा वाजते.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची कथा ऐकून आम्ही गप्प झालो. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा चढविल्या, पुढे त्या खालच्या स्वरात उतरविल्या. ब्लॅक सॅबथच्या १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त त्या ढिल्या तारांचा जड, काळवंडलेला नाद ऐकू येतो.

"पण काही झाले तरी ही झणझणच," आम्ही अखेरचा प्रयत्न केला.

पुतण्याने कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट दाखविले. "घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तुम्ही काय काढता? जवारी गेली, फार निर्मळ वाजतो, म्हणून गेल्या वर्षी तो मिरजेला तुम्हीच पाठविला होता ना?"

आम्ही खोलीत परत गेलो. दार मात्र उघडे ठेवले.