सिकलसेलचे कार्ड मिळाले, आता मुलाच्या तापाकडे लक्ष द्या

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट २०४७ चे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत, आश्रमशाळांत तपासणी होते आणि कार्ड हातात येते. ते गरजेचे होतेच. पण चर्चा तपासणीच्या आकड्यांचीच होते. कार्डावर 'एसएस' असलेल्या मुलाच्या घरी पुढे काय करायचे, हे मागे पडते असे मला वाटते.

पोटात डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते. हीच आपली पानथरी. तिच्यातील अरुंद फटींतून रक्त जाते. निरोगी लाल पेशी लवचिक असल्याने पार होते. म्हातारी, कडक झालेली किंवा हिवतापाचा जंतू शिरलेली पेशी अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. 'एएस' म्हणजे वाहकाला याचा फायदा मिळतो. जंतू शिरलेली त्याची पेशी लवकर वाकडी होते आणि पानथरी तिला जंतूसकट संपवते. हिवतापाच्या पट्ट्यात हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळे. (वाहकांनीही मच्छरदाणी वापरायचीच, हे संरक्षण अपुरे असते.)

'एसएस' मुलात मात्र जंतू नसतानाही पेशी वाकतात. सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत मोडते. पानथरीच्याच बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि बहुतेक मुलांत पाच वर्षांच्या आसपास ती निकामी होते. मग न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळले जात नाहीत. काही तासांत संसर्ग जिवावर बेतू शकतो. हिवतापही अशा मुलाला झेपत नाही.

म्हणून ताप १०१ च्या वर गेला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालयात न्या, कार्ड दाखवा, हिवतापाचीही तपासणी करायला सांगा. मूल अचानक पांढरे पडले आणि डावीकडे पोट फुगले, तर रक्त पानथरीत साठत असू शकते. तेव्हा तासाभराचाही उशीर नको.

न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. एखादा डोस राहिला असेल तर विचारा. लहानपणी, निदान पाच वर्षांपर्यंत, रोज पेनिसिलीन द्यायचे असते. तेही डॉक्टरांना विचारून सुरू करा.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा गाडी कोणाची, रुग्णालय कोणते आणि घरात औषध किती दिवसांचे, हे आशाताईंशी बोलून पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा.